सहा ग्लास पुरे

काच आणि कपाट : वाचकांचे प्रश्न

लोणच्याच्या बरण्यांवर लिहिलं, आणि पाठोपाठ पत्रं आली ती वाइनच्या ग्लासांबद्दल. नाशिकची वाइन आता नागपुरात सहज मिळते. मुलगी-जावई पुण्याहून येताना बाटली घेऊन येतात, आणि ती कशात ओतायची हे घरात कुणाला विचारावं ते कळत नाही. महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवताना माझी सगळी नोकरी काचेच्या भांड्यांत गेली, आणि जेवणासोबत थोडी वाइन मला मनापासून आवडते. त्यामुळे या वेळचं पान या एकाच विषयाला देते आहे.

ताई, आम्ही दोघं नोकरी करतो. महिन्यातून एक-दोनदा शनिवारी जेवताना वाइन घेतो. माझं माहेर वर्ध्याचं, तिथे दारूबंदी, त्यामुळे असले ग्लास घरात कधी पाहिले नाहीत. दुकानदार म्हणतो, रेडचे सहा, व्हाइटचे सहा आणि शॅम्पेनचे सहा असा सेट घ्या. कपाटात तेवढी जागा नाही आणि पैसे उगाच घालवायचे नाहीत. काय घेऊ? (एक वाचक, मनीषनगर)

अठरा नकोत. सहा घ्या, आणि सहाही एकाच घडणीचे घ्या. तुम्ही दोघं, कधीतरी येणारे दोन पाहुणे आणि दोन फुटतील म्हणून. रेडला, व्हाइटला, बुडबुड्यांच्या वाइनलाही तेच चालतात. फक्त सुटे मिळणारे निवडा, म्हणजे एखादा फुटला तर पुढच्या वर्षी त्याची जोड मिळते. खोक्यातल्या सेटचा एक गेला की बाकीचे कपाटात अडून राहतात.

घडण कशी हवी, हे सांगण्याआधी ग्लास नेमकं काय करतो ते सांगते. ते कळलं की दुकानात तुमचं तुम्हाला ठरवता येईल. आपण वाइनची चव म्हणतो तिचा फार मोठा भाग वासाचा असतो. जिभेला आंबट, गोड, कडू, तुरट कळतं. पेरू, लिंबाची साल, मिरी, पावसात भिजलेली माती, हे सगळं नाकाचं काम. हे वास वाइनच्या पृष्ठभागावरून सतत उडत असतात. पृष्ठभाग रुंद असला की जास्त उडतात, आणि वर ग्लासचं तोंड आत वळलेलं असलं की लगेच खोलीत न पसरता पोटात साठून राहतात. म्हणजे पोट रुंद, तोंड त्याहून अरुंद आणि वाइनच्या वर मोकळी जागा. एवढं असलं की ग्लासचं काम झालं.

बाटली न उघडताही हे पडताळता येतं. एक वाटी घ्या आणि आत वळलेल्या तोंडाचा एक ग्लास. दोन्हीच्या तळाशी थोडं पाणी घाला. आता संत्र्याची साल दुमडून तिच्यातलं तेल दोन्हींत सारखंच उडवा आणि पाच-सात मिनिटं तसंच राहू द्या. मग आधी वाटी हुंगा, मग ग्लास. बाष्पीभवनाचा धडा मी वर्गात असाच सुरू करायची. मागच्या बाकावरची मुलंही उठून पुढे यायची, आणि नागपुरात संत्र्याला काही तोटा नसतो.

आता माप. साडेतीनशे ते साडेचारशे मिलीलीटरचा ग्लास घ्या आणि त्यात एका वेळी १२० ते १५० मिलीलीटरच ओता. बाटली ७५० ची असते, म्हणजे पाच जणांना एकेक वाढणी. आपल्याकडे पाहुण्यापुढे अर्धा पेला ठेवणं बरं वाटत नाही, म्हणून लोक वाइनही काठोकाठ भरतात, आणि मग वास साठायला जागाच उरत नाही. घरच्या मापाने १५० मिलीलीटर पाणी बाटलीत भरून दुकानात न्या आणि विचारून एका ग्लासात ओतून पाहा. पाणी पोटाच्या सर्वांत रुंद भागापाशी किंवा किंचित खाली थांबलं, तर माप बरोबर आहे. इतवारीतल्या भांड्यांच्या जुन्या दुकानांत लोक आनंदाने पाहू देतात. झगमगीत दुकानांत जरा आग्रह करावा लागतो, पण करा.

मग काठावरून बोट फिरवा. स्वस्त ग्लासच्या काठाला काचेची गोल जाड वळी असते. ती ओठांत येते आणि वाइन जिभेवर गोळा होऊन पडते. त्यापेक्षा कापून आगीने गुळगुळीत केलेला पातळ काठ किती तरी चांगला. माझ्या मते जास्तीचे पैसे द्यायचेच असतील तर ते या एका गोष्टीसाठी द्यावेत. ग्लास सपाट काचेवर उभा करून डुगडुगतो का ते पाहा. पांढऱ्या कागदासमोर धरा. रंगीत किंवा नक्षीदार असेल तर ठेवून द्या, कारण वाइनचा रंग दिसलाच पाहिजे. आणि घरून निघण्यापूर्वी कपाटाच्या कप्प्याची उंची मोजून न्या. उभे ठेवता येत नाहीत म्हणून ग्लास आडवे ठेवलेली घरं मी पाहिली आहेत. तसे ठेवलेले फार दिवस टिकत नाहीत.

बिनदांड्याचे ग्लास सुटसुटीत दिसतात, पण आपल्या गावात घेऊ नका. व्हाइट ८ ते १२ अंशांवर चांगली लागते, रेड १५ ते १८ वर. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो आणि हाताची ऊब तर बारमाही आहे. दांड्याला धरलं की पोटाला हात लागत नाही. रेड खोलीच्या तापमानाला प्यावी असं जे सांगतात, ते युरोपातल्या थंड घरांसाठी ठीक आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात रेडही अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा, ग्लासात थोडी थोडी ओता आणि बाटली परत आत ठेवा.

साध्या सोडा-चुन्याच्या काचेचे बरे ग्लास दोन-तीनशे रुपयांना एक या भावात मिळतात. थायलंडच्या ओशनचे, तुर्कस्तानच्या पाशाबाहचेचे किंवा आपल्याकडचे कुठले घेतले, यापेक्षा वर सांगितलेली घडण महत्त्वाची. कुणी ‘बोरोसिलिकेट आहे, फुटणारच नाही’ म्हणालं तर त्यावर जास्तीचे पैसे देऊ नका. ती काच गरम-गारचा धक्का सोसते, म्हणून प्रयोगशाळेत आम्ही तिच्याशिवाय काम करत नव्हतो. हातातून फरशीवर पडली तर तीही फुटते, आणि वाइन काही कुणी उकळत नाही.

जावई वर्षातून दोनदा येतात, येताना एक बाटली आणतात. मी एरवी घेत नाही. घरात स्टीलचे पेले, सरबताचे ग्लास आणि तांब्याचे दोन पेले आहेत. तेवढ्यासाठी नवीन ग्लास घ्यायचे का? स्टीलमध्ये वाइन खराब होते का? (एक सासरे, प्रतापनगर)

घेऊ नका. वर्षातून दोन संध्याकाळी आहेत, तर सरबताच्या ग्लासांपैकी ज्याचं तोंड थोडं तरी आत वळलंय असा निवडा, एक तृतीयांश भरा आणि जावयांशी निवांत गप्पा मारा.

स्टीलची काळजी नको. वाइन तयार होते तीच मुळी बहुतेक ठिकाणी स्टेनलेस स्टीलच्या मोठ्या टाक्यांत. पेल्यात रंग दिसत नाही आणि तोंड वर उघडं असतं, एवढाच तोटा. तांब्याचे पेले मात्र अजिबात वापरू नका, बिनकल्हईचं पितळही नको. वाइनचा पीएच साधारण ३ ते ४ असतो, म्हणजे ती चांगलीच आंबट. त्या आंबटपणाने तांबं सुटून वाइनमध्ये उतरतं. ताक आपण तांब्याच्या भांड्यात ठेवत नाही, त्याच कारणाने वाइनही ओतायची नाही.

मी तीन-चार वर्षांपासून वाइन मन लावून पितो आहे. नाशिकला दिंडोरीकडच्या वायनरी पाहिल्या, अकलूजला जाऊन आलो, घरी वाइनसाठी छोटा फ्रिज घेतला. आता प्रत्येक द्राक्षासाठी वेगळा ग्लास घ्यावा असं वाटतं. ऑस्ट्रियातल्या हाताने फुंकलेल्या एका ग्लासची किंमत ऐकून बायको नाराज आहे. ग्लासने खरंच फरक पडतो का, की नुसती जाहिरात? (एक वाचक, रामदासपेठ)

तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला. आपल्या राज्यात पिकणाऱ्या द्राक्षांत कुणी इतकं लक्ष घालतं आहे, हीच मोठी गोष्ट. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

द्राक्षागणिक वेगळा ग्लास ही कल्पना तुम्ही म्हणता त्या ऑस्ट्रियातलीच. रीडेल नावाचं काच घडवणारं घराणं आहे. त्यातल्या क्लाउस रीडेल यांनी १९५८ मध्ये फ्रान्समधल्या बर्गंडीच्या वाइनसाठी एक प्रचंड पोटाचा ग्लास केला. तो इतका देखणा होता की न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने आपल्या संग्रहात घेतला. १९७३ मध्ये त्यांनी वेगवेगळ्या वाइनसाठी वेगवेगळ्या घडणीची पूर्ण मालिकाच आणली. त्यापूर्वी ग्लास शोभेसाठी कोरले जात, रंगवले जात. पातळ, साधी, नक्षी नसलेली काच वाइनला हवी हे त्यांनी जगाला पटवलं, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर आहे.

त्या ग्लासांसोबत एक स्पष्टीकरण मात्र असं सांगितलं जाई, की अमुक काठ वाइनला जिभेच्या टोकावर सोडतो, तमुक मागे सोडतो, आणि टोकाला गोड कळतं, कडेला आंबट कळतं म्हणून चव बदलते. जिभेचा तो नकाशा तुम्ही-आम्ही शाळेच्या पुस्तकात पाहिलेला आहे. तो चुकीचा आहे. १९०१ मध्ये हेनिग नावाच्या जर्मन संशोधकाने जिभेच्या भागाभागांतल्या संवेदनेत किंचित फरक नोंदवला होता. पुढे तोच मांडताना इतका ठळक झाला की एकेका भागाला एकेक चव वाटून दिल्यासारखा दिसू लागला. जिभेच्या चव कळणाऱ्या सगळ्या भागांना सगळ्या चवी कळतात. म्हणून कुणी जिभेवरची जागा सांगून ग्लास विकत असेल, तर तेवढं बाजूला ठेवा.

फरक पडतो तो नाकापाशी. २०१५ मध्ये टोकियोतल्या वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय विद्यापीठातल्या संशोधकांनी वाइनमधून उडणाऱ्या अल्कोहोलच्या वाफेचे फोटो घेणारा एक कॅमेरा केला. वाइन १३ अंशांवर ठेवली, तेव्हा वाइनच्या ग्लासमध्ये वाफ तोंडाच्या कडेकडेने कड्यासारखी जमली आणि मधोमध विरळ राहिली. म्हणजे नाक मध्यावर आलं की अल्कोहोलचा झणका कमी आणि वाइनचा वास जास्त. मार्टिनीच्या पसरट, उघड्या तोंडाच्या ग्लासमध्ये आणि सरळ पेल्यात असं कडं दिसलं नाही. वाइन गरम होती तेव्हाही ते नीट टिकलं नाही. हे वाचलं तेव्हा मला फार समाधान वाटलं. आत वळलेलं तोंड आणि योग्य गारवा, अनुभवाने सांगितल्या जाणाऱ्या दोन्ही गोष्टींना त्या फोटोंत आधार मिळाला.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं असं. एकदम बारा प्रकार घेऊ नका. रोजचे सहा असतील ते राहू द्या आणि त्यात दोनच अतिशय पातळ, सर्व वाइनना चालणारे ग्लास घ्या, तुमच्यासाठी एक आणि पत्नीसाठी एक. एकच ग्लास सगळ्यांना पुरतो असं मानणारी जाणकार माणसं कमी नाहीत. ब्रिटिश वाइन-समीक्षक जॅन्सिस रॉबिन्सन यांनी रिचर्ड ब्रेंडन या डिझायनरसोबत २०१८ मध्ये ग्लास काढला, तो व्हाइट, रेड, गोड, बुडबुड्यांची, सगळ्यांसाठी एकच. वाइन तपासणारे लोकही १९७७ पासून एका ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मापाचा छोटा ग्लास वापरत आले आहेत. त्यात जेमतेम २१५ मिलीलीटर मावतं, पोट ६५ मिलिमीटर आणि तोंड ४६, ओतायची ५० मिलीलीटर. दिसायला अगदी साधा. पण तुम्ही चवीच्या नोंदी ठेवत असाल तर याच मापाचे चार-सहा घ्या. दोन-तीन वाइन शेजारी ठेवून तुलना करायला त्यासारखं साधन नाही, आणि ते महागही नाहीत.

तिसरी घडण घ्यायचीच झाली तर ती कशासाठी, हे तुमच्या फ्रिजला विचारा. त्यात शिराज, कॅबर्ने सोव्हिन्यॉ, अकलूजकडची सांजोव्हेसे अशा जड रेड जास्त असतील आणि त्या काही वर्षं ठेवून पिणार असाल, तर सहाशे मिलीलीटरच्या आसपासचा मोठ्या पोटाचा एक जोड घ्या. शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यॉ ब्लां या व्हाइट जास्त असतील तर त्याचीही गरज नाही. मोठ्या पोटात त्या उगाच लवकर गरम होतात. बुडबुड्यांच्या वाइनसाठी उंच नळीसारखा फ्लूट घेऊ नका. त्यात बुडबुडे छान चढताना दिसतात आणि जास्त वेळ टिकतात हे खरं, पण नाक आत जात नाही. नाशिकची चांगली स्पार्कलिंग वाइन तुमच्या नेहमीच्या ग्लासमध्ये प्या. तिला किती वास आहे हे तेव्हा कळेल.

आणि त्या महागड्या ग्लासवर पैसे टाकण्याआधी एक करा. मित्राकडून किंवा हॉटेलमधून तसला एक ग्लास उसना मिळवा. पत्नीला सांगा, एकच वाइन तीन वेगवेगळ्या ग्लासांत ओतायची. तुम्ही डोळे मिटायचे, आणि ग्लास तिने तुमच्या नाकाखाली धरायचा, हात लावू द्यायचा नाही. मग जागांची अदलाबदल करून पुन्हा, मग पुन्हा. दर वेळी तुम्ही तोच ग्लास निवडलात तर तो तुमच्या नाकाला खरंच उपयोगी आहे. मग घ्या. तेव्हा पत्नीही नाही म्हणणार नाहीत, कारण परीक्षा त्यांनीच घेतलेली असेल.

आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळचा जड, कोरीव नक्षीचा ग्लासांचा सेट आणि त्याची झाकणाची सुरई आहे. उन्हात धरला की रंग पडतात. यात शिसं असतं असं मुलगा म्हणतो. वापरावा की नाही? (एक वाचक, धरमपेठ)

मुलगा बहुधा बरोबर आहे. सतराव्या शतकात, १६७४ च्या सुमारास, इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट यांनी काचेत शिशाचा ऑक्साइड घालून वजनदार, चमकदार, कोरायला सोपी काच केली. युरोपात आजही ‘लेड क्रिस्टल’ म्हणायला काचेत किमान २४ टक्के लेड ऑक्साइड असावा लागतो. उन्हात पडणारे रंग शिशामुळेच इतके झगझगीत दिसतात.

काच घट्ट असली तरी आंबट द्रव तिच्यातून शिसं हळूहळू ओढून घेतो. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात क्रिस्टलच्या सुरयांत पोर्ट वाइन चार महिने ठेवली. सुरुवातीला तिच्यात लीटरमागे शंभर मायक्रोग्रॅमहून कमी शिसं होतं, शेवटी ते काही हजारांवर गेलं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लीटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे, यावरून अंदाज येईल. म्हणून सुरईत काहीही साठवून ठेवू नका, एक रात्रसुद्धा नाही. ग्लासमध्ये वाइन तास-दीड तास राहते, तेवढ्यात उतरणारं शिसं त्या मानाने फार थोडं असतं. तरी रोजच्या वापरात तो सेट नको, आणि लहान मुलांना त्यातून सरबत तर कधीच देऊ नका. दिवाळीला, सासऱ्यांच्या आठवणीने, घरातल्या मोठ्या माणसांनी एकदा वापरला तर मी हरकत घेणार नाही. एरवी काचेच्या कपाटात, सकाळचं ऊन येईल अशा जागी ठेवा.

नवीन क्रिस्टल घेताना मात्र शिसं नसलेलंच घ्या. आता शिशाऐवजी टायटॅनियम, झिर्कोनियम, बेरियम किंवा जस्ताचे ऑक्साइड घालून तशीच चमकदार काच करतात. खोक्यावर शिसेविरहित असं लिहिलेलं असतं.

ग्लास चांगले आणले, पण बोअरच्या पाण्याने पांढरे डाग पडतात. आणि उन्हाळ्यात त्यात वाइनला वासच येत नाही, उलट कपाटाचा वास येतो. काय चुकतं? (एक वाचक, बेसा)

डाग चुन्याचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे आहेत. पाणी उडून जातं आणि चुना काचेवर राहतो. कोमट पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून ग्लास दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, लिंबाचा रसही चालतो. मग धुऊन शेवटचं एक पाणी फिल्टरचं फिरवा. साबण अगदी थेंबभर घ्या आणि पूर्ण निघेपर्यंत धुवा, त्याचा पातळ थर राहिला तर स्पार्कलिंग वाइनचे बुडबुडे बसून जातात. पुसताना एका हाताने पोट आणि दुसऱ्याने बूड धरून पिळू नका, दांडा तिथेच तुटतो. एका हाताने पोट धरा आणि दुसऱ्याने तेच पुसा. जुन्या धोतराचा मऊ, अनेकदा धुतलेला तुकडा मला सर्वांत बरा वाटतो. त्याचे एखाद-दोन सूक्ष्म तंतू काचेवर राहिले तरी बिघडत नाही. स्पार्कलिंग वाइनमधले बुडबुडे अशाच तंतूंच्या पोकळीतून सुरू होतात.

कपाटाचा वास येतो कारण ग्लास पालथे ठेवलेले आहेत. आतली हवा कोंडते, आणि लाकडाचा, पॉलिशचा, खालच्या खणातल्या डांबराच्या गोळ्यांचा वास तिच्यात मुरतो. उताणे ठेवा, वरून स्वच्छ पंचा टाका. वाइन ओतण्याआधी रिकामा ग्लास एकदा हुंगण्याची सवय लावून घ्या. वास असला तर नुसत्या पाण्याने विसळून घ्या.

वाइनचा वास उन्हाळ्यातच जातो असं तुम्ही लिहिता, म्हणून मला शंका येते ती कूलरची. समोर कूलर सुरू असला की त्याचा झोत ग्लासच्या तोंडावरून जातो आणि आत साठलेला वास घेऊन जातो. त्यात ताट्या वाळ्याच्या असतील तर सगळी खोली वाळ्याने भरलेली असते. वाळ्याचा वास मला अतिशय प्रिय आहे, पण त्याच्यापुढे शेनिन ब्लां उभी राहू शकत नाही. जेवणाचं टेबल झोतातून बाजूला घ्या. ते जमत नसेल तर जेवायला बसण्याआधी खोली गार करून घ्या आणि पहिला ग्लास संपेपर्यंत कूलर बंद ठेवा.